अवो, आयकलं का!

कुत्र्याले नाव कायले ठेवतात? हाक मारली की ते आलं पाहिजे म्हणून. आमच्या कवडीले तिचं नाव जन्मात समजलं नाही. "कवडी, कवडी" करून तुम्ही घसा फाडा, ती आपली कान खाजवत बसून राहणार. अन् नाव तरी काय, तर कवडी! माझ्या दिरानं, दादाजीनं, पांढुर्ण्याच्या बाजारातून तिले पिशवीत घालून आणलं, तेव्हा तिच्या काळ्या पाठीवर कवडीएवढा एक पांढरा ठिपका होता. मी म्हटलं, "भाऊजी, दुसरं नाव नाही भेटलं? लोकं म्हणतीन, घरात फुटकी कवडी नाही म्हणून ही आणली." तो हसला. त्या माणसाचं हसणं असं होतं की आपला राग अर्ध्यातच बसून जाये.

मी जयवंता. तिगावात माझ्या तोंडाले सारे भेतात, अन् भेलेलंच बरं. पण आज मी कोणाले झोडपायले बसली नाही, कौतुक सांगायले बसली आहे. माझ्या धाकट्या जावेचं, मनकर्णाचं. दादाजीची बायको ती. आमच्या दोघींच्या चुली वेगळ्या, पण आंगण एकच. मी एका गोष्टीवर दहा बोलणार, ती दहा ऐकून एक बोलणार, तेही हळू. तिचा आवाज आंगणाच्या पलीकडे कधी गेला नाही. फक्त एक हाक सोडून.

आमच्या इकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग संत्र्याच्या बगीच्यात दूर कुठं आळे करून राहिलेल्या माणसाले जेवायले कसं बोलवावं? मनकर्णा भाकरीचं गठुडं घेऊन बांधावर उभी राहे अन् हाक मारे, "अवो! आयकलं का!" शेवटचा 'का' असा लांब ओढे की स्टेशनवरच्या हमालाईले ऐकू जाये. ही गरीब गाय, अन् इतका मोठा गळा हिनं कुठं लपवला होता, ते देवालेच ठाऊक.

तर ती 'अवो' म्हणे अन् दादाजीच्या आधी कवडी पोचे. काहून की भाकरीचा पहिला कुटका मनकर्णा कुत्रीले टाके. कवडी दिवसभर दादाजीच्या पायातच राहे, त्याले तिले बोलवायचं कधी कामच पडलं नाही. मग तिच्या कानावर पडणारी हाक एकच, अन् त्या हाकेवर कुटका. तिचा पक्का समज झाला की आपलं नाव 'अवो' आहे. दादाजी मागून लंगडायचं सोंग करत येये अन् मले म्हणे, "पाय वहिनी, हे मले नाही बलावत. मी आपला कुत्रीच्या मागं फुकटचा जेवाले येतो."

तो गेला काविळीनं. ऐन संत्र्याच्या तोड्यात, पेट्या भरणं चालू होतं तेव्हा. मी त्याचं काही सांगत नाही, मले सांगवत नाही. त्या दिवसापासून मनकर्णाचा मोठा आवाज बंद झाला. बोलवायचं कोणाले? लेक छाया रामाकोन्याले दिलेली. घरात ही अन् कवडी. माणूस गेल्यावर त्याचं धोतर राहते, विळा राहतो, पण ते काही आपल्याकडे पाहून शेपटी हलवत नाही. मनकर्णासाठी दादाजीचं जे काही जितं राहिलं होतं, ते हे कुत्रं होतं. हे मले समजत होतं, म्हणून मी कवडीले दोन शिव्या कमीच देत होती.

मग कवडीचे डोळे गेले.

एकदम नाही. आधी बुबुळावर निळसर धुरकट आलं. मग दूध सांडल्यासारखं पांढरं. संध्याकाळी ती उंबरठ्याले ठेचाळे, अन् ठेचाळल्यावर अशी इकडे तिकडे पाहे जशी तिची नाही, उंबरठ्याचीच चूक. गावात तर वैद्यच वैद्य! कोणी म्हणे मध घाल, कोणी म्हणे कांद्याचा रस पिळ. शेजारची पंचफुला तुरटीचं पाणी घेऊनच आली. मनकर्णानं वाटी हातात घेतली अन् म्हणाली, "काकी, आधी तुमच्या डोयात घालून पायता का? नाही झोंबलं तं मंग हिच्या डोयात घालतो." पंचफुला वाटी घेऊन जी गेली ती चार दिवस दिसली नाही. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. माझ्या हाताखाली एवढी तरी शिकली!

कवडीले सौंसरच्या ढोराईच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. म्हणजे मनकर्णानं ठरवलं, मी फक्त कुरकुर करत संगं गेली. मोटारीत कुत्रं कोण घेईन? तिनं कवडीले संत्र्याच्या टोपल्यात बसवलं, वरून लुगडं झाकलं. पांढुर्ण्यावरून मोटार निघाली. कवडी शहाण्यासारखी चूप. लोधीखेड्याकडचा कंडक्टर होता, त्यानं विचारलं, "माई, टोकरी में क्या है?" मनकर्णा म्हणाली, "संतरा है." त्याच वेळेस लुगड्याखाली कवडी शिंकली. कंडक्टर टोपल्याकडे पाहून राहिला, मग म्हणे, "संतरे को सर्दी हुई है क्या?" सारी मोटार हसली. त्यानं उतरवलं नाही, भला माणूस. उलट सौंसरले टोपलं खाली उतरवायले हात दिला.

डॉक्टर तरणा होता. त्यानं बॅटरी लावून दोन्ही डोळे पाहिले, बोट हलवून पाहिलं, कापूस उडवून पाहिला. मग म्हणाला, "मावशी, मोतीबिंदू आहे. वयाचा. पूर्ण पिकला आहे. ह्याचं ऑपरेशन आमच्याकडे होत नाही, अन् दुसरीकडे होईल अशी खोटी आशा मी तुम्हाले देत नाही."

"मंग?" मनकर्णा म्हणाली.

"मग काही नाही. तिले दुखत नाही. डोळ्याले चिकटा आला तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसायचा. दुसरं काहीच घालायचं नाही. कुत्र्याचं अर्धं जग नाकात असते, अर्धं कानात. डोळा गेला तर ते त्याच्यावर निभावते. घरातलं सामान हलवू नका. अन् तिले एक आवाज द्या. रोजचा, एकच. त्या आवाजाच्या मागं ती कुठंही येईन."

परतीच्या मोटारीत मी म्हणून गेली, "आवाजाची काय चिंता व? आहे ना तिच्या ओळखीचा. तू बांधावरून मारत होती तशी 'अवो' म्हणून हाक मार, पळत येते."

मनकर्णा खिडकीतून बाहेर पाहत होती. तशीच म्हणाली, "तो शबद त्यायच्यासंगं गेला, बाई. तो मी आता कोनाले म्हनू?"

मी टोपल्यावरचं लुगडं सारखं केलं.

पण त्यानंतर त्या बाईनं जे केलं ते पाहून मी तोंडात बोट घातलं. एका दुपारी मी पाहते तर काय, मनकर्णा स्वतःच्या डोळ्यावर पदर बांधून आंगणात चाचपडत चालून राहिली! मले वाटलं, झालं, बाईचं डोकं फिरलं. ती धडकन माझ्या पाट्यावर आदळली, गुडघा फुटला, तरी थांबेना. विहिरीकडे चालली तशी मी ओरडली, "अवं, मरतं का!" तिनं पदर सोडला अन् शांतपणे म्हणाली, "कवडीले कुठं कुठं लागते ते पायत होती."

दुसऱ्या दिवशी माझा पाटा भिंतीशी गेला. बैलबंडीचा दांडा बाहेर निघत होता, त्याच्या टोकाले चिंध्या गुंडाळल्या गेल्या. विहिरीच्या भोवताल तिनं जुनं बारदान अंथरलं अन् वर दगड ठेवले. पायाले बारदान लागलं की थांबायचं, हे तिनं कवडीले अशा मायेनं शिकवलं, जसं लेकराले पाऊल टाकायले शिकवतात. अन् सारवण! सकाळी आंगण सारवताना दारापासून बंडीपर्यंत एक पट्टा ती तसाच कोरडा सोडे. मले ते मधलं भकास दिसे, मी चिडली. तर म्हणे, "शेणानं तिचा वास पुसला जाते. तिची पायवाट आहे ते." आंधळ्या कुत्रीची पायवाट! मग मीही माझ्या बाजूनं तेवढा पट्टा सोडायले लागली, काय करता.

राहिला आवाज. हिऱ्या नावाचा आमचा बैल, दादाजीच्या हातचा. त्याच्या घुंगरमाळेतलं एक घुंगरू मनकर्णानं सोडवलं अन् आपल्या पदराच्या टोकाले शिवलं. नवरा गेलेली बाई वाजत चालली तर गाव काय म्हणते, तुम्हाले माहीत आहे. लोकं म्हणालेही. तिनं ऐकलं नाही. ती चाले, घुंगरू वाजे, अन् कवडी तिच्या मागं, अशी बिनधास्त की ही आंधळी आहे हे अनोळखी माणसाले पटतही नसे. बगीच्यापर्यंत, नाल्यापर्यंत, पार स्टेशनापर्यंत दोघी जायच्या. मी सांगते, डोळे असलेली माणसं इतकी सरळ चालत नाहीत.

आता पोळा आला.

पोळ्याच्या दिवशी बैलाचा थाट. शिंगाले बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. आमचा गडी चिंधू, त्यानं हिऱ्याले सजवलं अन् दुपार कलल्यावर आखरावर नेलं. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, सकाळी ढोरं जमतात ती. तिथं दोन खांबाले आंब्याच्या पानाचं तोरण बांधतात, साऱ्या गावाचे बैल त्याच्याखाली रांगेत उभे करतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, होतात, 'हर हर महादेव' होते, मग तोरण तोडतात अन् बैल सुटतात. त्या वेळी समोर जो येईन तो गेला.

घरात आम्ही दोघी पुरण वाटून राहिलो होतो. दादाजी गेल्यापासून मनकर्णा अशा सणाले दारात येत नसे, आतच बसे. कवडी उंबरठ्यावर झोपली होती. मी पाणी आणायले बाहेर आली अन् पाहते तर उंबरठा रिकामा.

"कवडी कुठं गेली व?"

मनकर्णाचे हात पुरणात थांबले. तिनं पदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अन् दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. हिऱ्याची माळ! ती फक्त पोळ्याले निघते. पदरातलं घुंगरू त्याच माळेतलं. वर्षभर आम्ही तिले शिकवलं की ह्या आवाजाच्या मागं ये. आज तोच आवाज दारातून निघाला, एक नाही, सारी माळच्या माळ, अन् ती बिचारी जसं शिकवलं तशी त्याच्या मागं गेली. मूर्ख ती नव्हती, आम्ही होतो.

मनकर्णा पुरणाच्या हातानं तशीच पळाली. सणाच्या दिवशी, डोक्यावर पदर सावरायचं भान नाही, साऱ्या गावासमोरून. मी तिच्या मागं, धापा टाकत, देवाले अन् चिंधूले सारख्याच शिव्या देत.

आखरावर बैलच बैल. माळाच माळा. डफडं वाजून राहिलं होतं. अन् कवडी पार समोर, तोरणाच्या खाली, रांगेतल्या बैलाईच्या तोंडापुढं. शेकडो घुंगरं एकदम वाजत होती, तिले समजेना कोणतं आपलं. ती एकीकडे दोन पावलं जाये, थांबे, दुसरीकडे वळे, शेवटी पाय पोटाशी घेऊन खालीच बसली. पोट्टे "हाड! हाड!" करून ओरडत होते. कोणीतरी ढेकूळ मारलं, ते तिच्या पाठीले लागलं, तरी ती उठेना. शेवटची झडती संपत आली होती. तोरणाच्या दोरीले माणसाचा हात लागला होता.

बायकांना रांगेजवळ जाऊ देत नाहीत. आखराच्या कडेले मारुतीचा पार आहे, आम्ही त्याच्यावर चढलो. मनकर्णानं पदराचं घुंगरू जोरजोरात हलवलं. त्या गोंगाटात ते मलेच ऐकू येईना, मी तिच्या खांद्याले खांदा लावून उभी होती. तिनं हाक मारली, "कवडी! कवडी!" तिचा तो बारीक आवाज. अन् कवडीले ते नाव कुठं माहीत!

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मी काही म्हटलं नाही, खरंच सांगते, एक शब्द नाही. पण तिले समजलं होतं. तीन वर्षं जो शब्द तिनं गिळून ठेवला होता, तो आता साऱ्या गावापुढं काढायचा होता, नाही तर दादाजीचं राहिलेलं तेवढंही तिच्या डोळ्यादेखत तुडवलं जाणार होतं.

तिनं पदर सोडून दिला, मान वर केली.

"अवो! आयकलं का!"

माय व! काय आवाज तो! बांधावरचाच. तोच लांब ओढलेला 'का'. आखरावरचे अर्धे नवरे गर्रकन वळले. आमच्या घरचेही वळले, हातात नारळ घेऊन, "काय झालं, काय झालं" म्हणत. डफडंवाला थांबला. तोरणाच्या दोरीवरचा हात थांबला. सारं आखर त्या पाराकडे पाहून राहिलं.

अन् कवडीचे कान उभे झाले.

ती उठली. तिनं नाक वर केलं नाही, वास घेतला नाही, घुटमळली नाही. बैलाच्या पोटाखालून, माणसाच्या पायामधून, सरळ. म्हातारी कुत्री, दोन्ही डोळे पांढरे, अन् शेपटी अशी हलून राहिली जशी दादाजीच्या पुढं पळत भाकरीले येत असे. पारापाशी आली, पायऱ्या चढली अन् मनकर्णापुढं बसून कुटक्याची वाट पाहू लागली. कुटका कुठून आणणार! मनकर्णानं हात पुढं केला, कवडीनं बोटावरचं पुरण चाटून घेतलं.

मी रडली. सांगायले काही लाज नाही, चांगली हंबरडा फोडून रडली.

तिकडे तोरण तुटलं, बैल सुटले, धूळ उडाली. आमच्या मागं पंचफुला उभी होतीच. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! म्हणाली, "अवं मनकर्णा, नवरा नाही तुले. 'अवो' कोनाले म्हनलं हे?"

मी पदर खोचला. तीन पिढ्या उद्धरायची तयारी झाली होती माझी. पण मनकर्णानं माझा हात धरला. पंचफुलाकडे पाहिलं, डोळ्यात पाणी होतं, पण आवाज साफ होता.

"ज्यानं आयकलं त्याले."

एवढंच म्हणून ती पायऱ्या उतरली. कवडी तिच्या मागं. मी पंचफुलाकडे फक्त पाहिलं, त्याच्यापेक्षा जास्ती काही करायचं शिल्लकच नव्हतं.

त्या संध्याकाळी हिऱ्याची पूजा झाल्यावर मनकर्णानं पदराचं घुंगरू उसवलं अन् त्याच्या माळेत परत ओवून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या आंगणात पुन्हा हाक ऐकू यायले लागली, "अवो! आयकलं का!" पहिले काही दिवस आमच्या घरचे दर खेपेले उठून उभे राहत. मी म्हणे, "बसा. तुम्हाले नाही." गावातही कोणी काही बोलेना. बोलायची हिंमतच नव्हती कोणाची, मी जिती आहे अजून.

पुढं संत्र्याचा तोडा आला. एका दुपारी मी बगीच्यात जेवण घेऊन गेली तर मनकर्णा बांधावर उभी. मी मागून येऊन राहिली होती, तिले दिसली नाही. तिनं गठुडं सोडलं, भाकरी मोडली अन् बगीच्याकडे तोंड करून हाक मारली, "अवो! आयकलं का!" मी म्हणणारच होती, अवं बाई, कवडी तर तुझ्या पायापाशीच झोपली आहे, ओरडतं कायले? तोंडापर्यंत आलेलं मी तसंच गिळलं. कवडीनं झोपेतच शेपटी हलवली. मनकर्णानं पहिला कुटका तिच्यापुढं ठेवला, अन् उरलेली भाकरी हातात धरून झाडाईकडे पाहत उभी राहिली.